आजोबांचा विसर आणि पेशीतल्या उघाड्या



ओटीवर बसलेले आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून सांगतात, "सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. सून जेवायला देत नाही." ऐकणारा चुकचुकतो, आणि संध्याकाळपर्यंत ही गोष्ट पाणवठ्यापासून देवळापर्यंत पोहोचते. प्रत्यक्षात तासाभरापूर्वीच त्या सुनेने त्यांना तांदळाची भाकरी आणि वालाची आमटी वाढलेली असते आणि आजोबांनी ती पोटभर खाल्लेली असते. आजोबा खोटे बोलत नाहीत. जेवल्याची नोंदच त्यांच्या मेंदूत झालेली नसते. पण नाव मात्र सुनेचे खराब होते.

पनवेल तालुक्यात कामानिमित्त हिंडताना अशी घरे मला दिसतात. कुठे आजी पोटच्या मुलाला "तू कुणाचा रे?" म्हणून विचारते. कुठे चाळीस वर्षे एकाच वाटेने शेतावर जाणारा माणूस परतताना रस्ता चुकतो. आमच्याकडे वाट चुकण्याला एक आयते कारणही मिळते. महामार्ग, सिडकोच्या वसाहती आणि २०२५ साली उद्घाटन झालेला विमानतळ यांनी तालुक्याचा चेहराच बदलला आहे. त्यामुळे घरचे म्हणतात, "जुनी वाट राहिलीय कुठं? कुणीही चुकेल." हे काही अंशी खरेही असते. पण माणूस स्वतःच्या घरातली मोरी शोधत फिरू लागला की त्याचा दोष नव्या रस्त्यांवर टाकता येत नाही.

मग "साठी बुद्धी नाठी" म्हणून विषय संपवला जातो. कुणी म्हातारचळ म्हणतो, कुणी भगताकडे नेतो, कुणी म्हाताऱ्यावर खेकसतो. हा स्वभाव नव्हे, हट्ट नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. हा मेंदूचा आजार आहे. या प्रकारच्या आजारांना स्मृतिभ्रंश म्हणतात आणि त्यांतला सर्वांत जास्त आढळणारा आजार म्हणजे अल्झायमर. आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने १९०६ साली एका मृत स्त्री रुग्णाचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्याचे प्रथम वर्णन केले. ती बाई दवाखान्यात दाखल झाली तेव्हा अवघी एक्कावन्न वर्षांची होती. म्हणजे साठीचीही वाट या आजाराने पाहिली नव्हती.

आपल्या देशापुरते बोलायचे, तर २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार साठ वर्षांवरील शंभरांत सात जणांना, नेमके सांगायचे तर ७.४ टक्के लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. एकूण संख्या सुमारे ८८ लाख. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे प्रमाण जास्त आढळले. तुमच्या गावात साठीच्या पुढची दोनशे माणसे असतील, तर या सरासरीने त्यांतल्या चौदा-पंधरा जणांना हा त्रास असणार. ती माणसे कोण, हे आता तुमच्या डोळ्यांसमोर आलेही असेल.

या आजारात बिघडते तरी काय? मी कृषी पदवीधर आहे, डॉक्टर नाही. पण गेल्या काही वर्षांत या आजारासंबंधी जे नवे ज्ञान पुढे आले आहे, त्याचे मूळ भाताच्या रोपातही सापडते. म्हणून मी हा विषय हाती घेतला आहे आणि सुरुवातही भातापासूनच करतो.

भाताला फुटवे किती यावेत, हे खत-पाण्यावर अवलंबून असते, तसे ते रोपाच्या आतल्या कारभारावरही अवलंबून असते. प्रत्येक पेशीत डीएनएची एक भली मोठी पोथी असते. त्या पोथीत हजारो जनुके, म्हणजे जणू हजारो पाने. पोथी जागची हलत नाही. ज्या पानाची गरज असेल त्याची नक्कल उतरवली जाते. या नकलेला निरोप्या आरएनए म्हणतात. निरोप्या निरोप घेऊन जातो आणि त्याबरहुकूम प्रथिन तयार होते. इतपत गोष्ट शाळेच्या पुस्तकातही असते. पण निरोप निघाला म्हणजे तो पोहोचलाच पाहिजे असे नाही. वाटेत त्याला अडवणारे चिमुकले आरएनए असतात. त्यांचे नाव मायक्रो-आरएनए. निरोप हजारो अक्षरांचा असू शकतो, तर हा अडवणारा जेमतेम बावीस अक्षरांचा. निरोपातल्या ठरावीक अक्षरांना तो चिकटतो. मग एक तर निरोप जागीच थांबतो किंवा त्याचे तुकडे होतात. प्रथिन कमी तयार होते.

भातात मायक्रो-आरएनए १५६ नावाचा असा एक अडवणारा आहे. चीनमधील शास्त्रज्ञांनी २०१० साली दाखवून दिले की भाताच्या एका वाणात निरोपातले एकच अक्षर बदललेले होते. त्यामुळे या अडवणाऱ्याला तिथे नीट चिकटता येईना. परिणाम काय झाला? फुटवे कमी आले, पण काडी जाड झाली आणि लोंबीत दाणे जास्त भरले. एका अक्षराने रोपाची सगळी ठेवण बदलली.

आता आपल्या खारपट्ट्यातली उघाडी आठवा. देशावरच्या वाचकांसाठी सांगतो. पनवेल, उरण, पेण भागात खाडीकाठच्या भातशेतीला बांध घालून खारे पाणी रोखतात. या जमिनींसाठी पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे आणि खारे पाणी सोसणाऱ्या पनवेल-१, २, ३ या भाताच्या जाती तिथल्याच. तर या बांधात पाण्याच्या वाटेवर जे झडपेचे दार असते ती उघाडी. भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की झडप मिटते. ओहोटी लागली की आतल्या पावसाच्या पाण्याच्या जोराने ती उघडते. उघाडी पाणी निर्माण करत नाही आणि भातही पिकवत नाही. आत किती यायचे आणि बाहेर किती जायचे, एवढेच ती राखते. पण ती कुजली की काय होते, हे खारपट्ट्यातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. पेशीतले मायक्रो-आरएनए म्हणजे अशा उघाड्या. माणसाच्या शरीरात त्या हजाराहून अधिक प्रकारच्या आहेत.

यांचा शोध लागला तो एका सूत्रकृमीत. सूत्रकृमी म्हटले की तुम्हाला टोमॅटो-वांग्याच्या मुळांवरच्या गाठी आठवतील. ही जात मात्र निरुपद्रवी, मातीत राहणारी, लांबीला फक्त एक मिलिमीटर. १९९३ साली व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुवकुन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी तिच्यात हा चिमुकला आरएनए निरोप कसा अडवतो ते दाखवले. तेव्हा कुणी फारसे लक्ष दिले नाही. किड्याची गोष्ट किड्यापाशी, असे जगाला वाटले. पुढे २००० साली रुवकुन यांच्याच प्रयोगशाळेला असा दुसरा आरएनए मिळाला आणि तो माणसासकट कितीतरी प्राण्यांत निघाला. २०२४ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले. म्हणजे शोध लागल्यापासून एकतीस वर्षांनी.

आता या उघाड्यांचा आजोबांच्या विसराशी संबंध पाहू.

अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूत दोन गोष्टी दिसतात. पेशींच्या बाहेर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे चिकट साठे, आणि पेशींच्या आत टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुंतलेले धागे. यांतले अमायलॉइड बाहेरून येत नाही. ते आपल्याच मेंदूतल्या एका मोठ्या प्रथिनाचे तुकडे होऊन तयार होते. हे तुकडे पाडणाऱ्या कात्र्यांपैकी एकीचे नाव 'बेस-१'. निरोगी मेंदूतही ती असते, पण बेताची. तिला बेतात ठेवणाऱ्या उघाड्यांपैकी एक म्हणजे मायक्रो-आरएनए २९. बेल्जियममधील संशोधकांनी २००८ साली अल्झायमरने मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा त्यांतल्या काहींत या २९ क्रमांकाच्या कुळातले मायक्रो-आरएनए घटलेले आणि 'बेस-१' वाढलेली दिसली. झडप ढिली, कात्री मोकाट. त्याच वर्षी अमेरिकेतील संशोधकांना १०७ क्रमांकाच्या मायक्रो-आरएनएबाबत तसेच आढळले आणि तेही आजाराच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यात.

हा साठा एका रात्रीत होत नाही. विसर दिसू लागण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून अमायलॉइड साचू लागते. कुजक्या उघाडीतून दर भरतीला थोडे थोडे खारे पाणी झिरपावे, वरून शेत हिरवेच दिसावे आणि एका साली अचानक रोप पिवळे पडावे, तसे हे आहे. "मागच्या गणपतीपर्यंत बाबा चांगले होते हो," असे घरचे सांगतात ते त्यांच्या परीने खरे असते. आतून मात्र ते चांगले नव्हते.

तिसरी उघाडी १३२ क्रमांकाची. हिच्यावर शास्त्रज्ञांची विशेष नजर आहे, कारण अल्झायमरच्या मेंदूत ती घटते हे निरनिराळ्या देशांतल्या प्रयोगशाळांना पुन्हा पुन्हा आढळले. टाऊ प्रथिनाच्या गुंत्याशीही तिचा संबंध आहे. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक भाग आहे. नवी आठवण तिथे आधी नोंदली जाते. 'मी आत्ता जेवलो' ही नोंद तिथलीच. म्हणून आजोबांना चाळीस वर्षांपूर्वीचा पूर नीट आठवतो आणि तासापूर्वीची भाकरी आठवत नाही. बेल्जियम आणि नेदरलँड्समधील संशोधकांनी २०२१ साली असे प्रसिद्ध केले की अल्झायमरसारखा आजार असलेल्या उंदरांच्या मेंदूत १३२ क्रमांकाचा मायक्रो-आरएनए भरून दिला, तेव्हा त्या भागात नव्या पेशी पुन्हा तयार होऊ लागल्या आणि उंदरांची स्मरणशक्ती सुधारली.

हे वाचून कुणी विचारील, "साहेब, मग ते औषध पनवेलच्या दुकानात कधी येणार?" इथे मला तुम्हाला थांबवायचे आहे. उंदीर वेगळा आणि माणूस वेगळा. शिवाय एक मायक्रो-आरएनए एकाच निरोपाला अडवत नाही, तो शेकडो निरोपांवर लक्ष ठेवतो. एक उघाडी जोरात मिटवायला जावे, तर तिच्यावर अवलंबून असलेली दहा शेते कोरडी पडायची. आणि रक्तातून मेंदूत औषध पोहोचवणे मुळातच कठीण, कारण मेंदूभोवती निसर्गाने स्वतःचा बांध घातलेला आहे. यापेक्षाही एक मूळ प्रश्न आहे. उघाडी कुजली म्हणून शेत गेले, की शेतात आधीच खारे साचले म्हणून उघाडी कुजली? काही बाबतींत पहिले दिसते, काहींत दुसरे. याचा निकाल अजून लागायचा आहे. अल्झायमरला मायक्रो-आरएनए हेच एकमेव कारण आहे, असे कुणीही जाणता शास्त्रज्ञ म्हणत नाही.

दुसरी आशा तपासणीची. हे चिमुकले आरएनए चिवट असतात. रक्तातही ते टिकून राहतात, जपून ठेवलेल्या मांसाच्या तुकड्यातही टिकतात. आपल्या पनवेल तालुक्यातच, खारघरला, टाटा स्मारक केंद्राची 'ॲक्ट्रेक' ही कर्करोग संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली लहान मुलांच्या मेंदूत होणाऱ्या एका गाठीचे प्रकार ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यासाठी त्यांनी १२ जनुकांचे निरोप आणि ९ मायक्रो-आरएनए मोजले. वर्षानुवर्षे मेणात जपलेल्या गाठींवरही ही चाचणी करता आली. हे काम कर्करोगाचे आहे, अल्झायमरचे नव्हे. पण या चिमुकल्या आरएनएवरून मेंदूचा आजार वाचता येतो, हे आपल्या तालुक्यातच सिद्ध झाले आहे. अल्झायमरसाठी रक्तातले मायक्रो-आरएनए मोजण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत, मात्र एका प्रयोगशाळेची यादी दुसरीच्या यादीशी अजून जुळत नाही. अमेरिकेत २०२५ साली अल्झायमरच्या निदानाला मदत करणाऱ्या रक्तचाचणीला मान्यता मिळाली, पण ती टाऊ आणि अमायलॉइड या प्रथिनांची आहे. तेव्हा मायक्रो-आरएनएच्या नावाने कुणी महागडी चाचणी किंवा 'जनुकीय' पूड विकायला आला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. बियाण्याची पिशवी आपण लेबल वाचून घेतो, मग औषध ऐकीव गोष्टीवर का घ्यावे?

काही घरांना वेगळीच धास्ती असते. "आजोबांना झाले, मग बापालाही होणार का? नातीच्या लग्नात अडचण यायची का?" एकाच जनुकाच्या दोषाने थेट पिढीत उतरणारा अल्झायमर फार क्वचित असतो आणि तो बहुधा लवकर, साठीच्या आतच सुरू होतो. म्हातारपणी होणारा नेहमीचा आजार तसा नाही. घरात कुणाला असला की इतरांची शक्यता थोडी वाढते, एवढेच. सोयरीक मोडण्याचे ते कारण नव्हे.

आता करायचे काय ते सांगतो.

कोयता कुठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि कोयता कशासाठी असतो हे विसरणे वेगळे. दुसऱ्या प्रकारचा विसर दिसला, किंवा पैशाचा हिशेब, वाट, वेळ यांत घोटाळा होऊ लागला, की आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तिथून उपजिल्हा रुग्णालयात आणि गरज पडली तर मुंबईच्या के.ई.एम., जे.जे. किंवा नायर रुग्णालयात मेंदूविकार किंवा मानसोपचार विभागात जावे. जाणे महत्त्वाचे अशासाठी, की विसराची काही कारणे बरी होणारी असतात. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हे एक. माळकरी, मासळी न खाणाऱ्या घरांत ती बरीच आढळते. थायरॉइडचा दोष, मनाची उदासी, बांधावरून पडून डोक्यात साकळलेले रक्त, एखाद्या औषधाचा परिणाम, यांनीही माणूस भ्रमिष्टासारखा वागतो आणि उपचाराने सुधारतो. सरळ अल्झायमर ठरला, तर डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काही काळ लक्षणे सौम्य होतात. त्या आजार मुळातून काढत नाहीत, हे डॉक्टरही सांगतील.

आजार टाळण्याचे म्हणाल, तर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ साली चौदा कारणे सांगितली आणि ती सगळी आवरली तर निम्म्याच्या आसपास, म्हणजे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल असा हिशेब मांडला. वाढलेला रक्तदाब आणि मधुमेह त्यांत आहेतच, विडी आणि दारूही आहे. पण मला तुमचे लक्ष कानांकडे वेधायचे आहे. कमी ऐकू येणे हे त्या यादीतले एक मोठे कारण आहे. मळणी यंत्र आणि ट्रॅक्टरपाशी आयुष्य गेलेल्या माणसाला कमी ऐकू येते, मग घरचे त्याच्याशी बोलणे कमी करतात आणि तो एकटा पडतो. एकटेपणही त्याच यादीत आहे. तेव्हा कान तपासा, मोतीबिंदू काढून घ्या, आणि दुचाकीवर मागे बसणाऱ्या आजोबांच्या डोक्यावरही शिरस्त्राण असू द्या. चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकांनो, तो साठा याच वयात सुरू होतो. त्यामुळे ही यादी जितकी आजोबांची तितकीच तुमची आहे.

घरातली व्यवस्थाही बदलावी लागते. कीटकनाशकाच्या बाटल्या फळीवरून काढून कुलपात ठेवा, कारण अशा माणसाला ती खोकल्याची बाटली वाटू शकते. उघड्या विहिरीला कठडा हवा आणि मोटारीचा स्टार्टर हाताशी नको. त्यांच्या कपड्याच्या खिशात घरच्या फोन नंबराची चिठ्ठी असू द्या. पण त्यांना नुसते बसवूनही ठेवू नका. वाल सोलणे, सुंभ वळणे, कोंबड्यांना दाणे टाकणे ही हातात मुरलेली कामे फार उशिरापर्यंत जमतात आणि त्यांत त्यांचा जीव रमतो.

भगिनींनो, हा भार बहुतेक वेळा तुमच्यावरच येतो. जेवण झाले नाही असे ते म्हणाले, तर "आत्ताच जेवलात की!" म्हणून वाद घालू नका. त्यांच्या दृष्टीने ते खरोखरच उपाशी असतात. वाटीभर पेज किंवा मूठभर कुरमुरे द्या आणि विषय बदला. घरातल्या पुरुषांनी आणि नणंदांनी आठवड्यातले काही दिवस वाटून घ्यावेत आणि शेजारीपाजारी आजाराचे नाव स्पष्ट सांगावे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा २०१३ सालचा मराठी चित्रपट मिळाला, तर सगळ्यांनी मिळून पाहा. त्यात डॉ. मोहन आगाशे यांनी संस्कृतच्या विद्वान प्राध्यापकाची भूमिका केली आहे. एवढा पंडित माणूस एका हत्तीच्या मागे निघून जातो. विद्वत्तेलाही हा आजार सोडत नाही, हे गावात पटवायला तो उपयोगी पडेल.

शेवटी जमिनीचे. आमच्या तालुक्यात गुंठ्याला काय भाव आहे ते सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे विसरभोळ्या म्हाताऱ्याच्या अंगठ्यावर अनेकांची नजर असते. कधी परक्यांची, कधी घरच्यांचीही. कायद्याने करार आणि मृत्युपत्र मन स्थिर असतानाच करता येते. कुलमुखत्यारपत्र घेऊन ठेवले की झाले, असा समज आहे, तोही बरोबर नाही. ते देणाऱ्याची बुद्धी स्थिर राहिली नाही की आपल्या करार कायद्यानुसार मुखत्यारी संपते. तेव्हा वाटणी, वारस, मृत्युपत्र यांचे जे काही ठरवायचे असेल ते आजाराच्या सुरुवातीलाच, आजोबांना समजते आहे तोवर, त्यांच्या इच्छेने आणि वकिलाच्या सल्ल्याने करून घ्या. त्या वेळचा डॉक्टरांचा दाखला कागदांना जोडा. कुणी त्यांना फसवत असेल किंवा छळत असेल, तर ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा सरकारी मदत क्रमांक आहे. त्यावर फोन करायला पैसे पडत नाहीत.